माझ्या तोंडावरचे आटे

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. घाबरू नका, आत्ता माझ्या पोटात काडतूस नाही. बहात्तर वर्षं पूर्ण झाली मला. दस्त्याचं अक्रोडी लाकूड जागोजागी काळवंडलं आहे, पण नळी अजून आतून आरशासारखी आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हाताऱ्या बाईला स्वतःची तारीफ करायला कोणी बसू देत नाही, म्हणून ती मीच उरकून घेते.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचा एक दांडा, त्यात लांबच लांब भोक, भोकात पीळ, असं करत करत माझी नळी झाली. हे भोक पाडताना एक गोष्ट घडते. बरमा लांब असतो, पोलाद कडक असतं, आणि तो कुठेतरी केसभर सरकतो. पेरू कापल्यावर बिया काही अगदी मधोमध निघत नाहीत, तसंच हे. माझंही भोक तोंडाजवळ केसभर डावीकडे गेलं आहे, आणि जरासं तिरपंही आहे. यात कमीपणा काही नाही, बहुतेक नळ्या अशाच असतात. गोळीला त्याची पर्वा नसते, ती भोकाच्या वाटेने सरळ जाते. ही गोष्ट एवढी लक्षात ठेवा. माझ्या माणसाने ती लक्षात ठेवली असती, तर मला आज हे रडगाणं गायची पाळी आली नसती.

कारखान्यातून मी आगगाडीने मिशिगनच्या वरच्या टोकाला आले. मोठ्या तळ्याच्या काठावर लोखंडाच्या खाणीचं गाव होतं, आणि गावात निम्मी माणसं फिनलंडहून आलेली होती. त्यातल्या ऑस्कारी साल्मेला नावाच्या खाणकामगाराने मला घेतलं. माझ्या बदल्यात त्याने दुकानदाराला एक दुभती गाय दिली. बायको दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. मग पहिल्या पंधरा नोव्हेंबरला मी त्याला हरणाचा एक जाडजूड नर मिळवून दिला, आणि तिने हिवाळाभर त्याचं मटण शिजवलं, तेव्हा कुठे घरात तोंडं उघडली.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबर म्हणजे हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. वार कोणताही असो, शाळा बंद, दुकानं बंद, लग्नंसुद्धा त्या आठवड्यात कोणी काढत नाही.

ऑस्कारीला दोन मुलं. थोरला ओन्नी आणि धाकटी लेंपी. बार उडताना ओन्नीचा डोळा मिटायचा. काही केल्या मिटायचाच. पण मला खोलून, पुसून, स्क्रू न स्क्रू जागेवर बसवायला त्याच्यासारखा हात नाही. लेंपीचं उलटं. तिला माझ्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, पण गाल दस्त्याला टेकला की तिचा श्वास असा थांबायचा की मलाच वाटायचं, आता मी चुकले तर मेलेलं बरं. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा ऑस्कारीने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ओन्नीला बंदूक खोललेली आवडते, लेंपीला जोडलेली." घरात सगळे हसले, ओन्नीही हसला. तेव्हापासून प्रत्येक पंधरा तारखेला मी लेंपीबरोबर जंगलातल्या तिच्या लपणात बसले आणि प्रत्येक डिसेंबरात ओन्नीच्या टेबलावर उघडी झाले. चांगले दिवस होते, मित्रांनो. दोघं भावंडं मला आपली म्हणायची आणि मला त्यात काही गैर वाटायचं नाही.

ओन्नी पुढे बंदुकांचा कारागीर झाला. घराशेजारी त्याने वर्कशॉप टाकलं, आणि आसपासच्या चार गावांतल्या बंदुका त्याच्याकडे यायला लागल्या. लेंपीने आर्वो कांगासशी लग्न केलं. आर्वो खाणीच्या वर्कशॉपात लेथवर होता. सात फूट लांबीचे पंपाचे दांडे तो असे आटे पाडून द्यायचा की नट दोन बोटांनी फिरवला की सरसर चढावा.

अकरा वर्षांपूर्वी ऑस्कारी गेला. कागदावर त्याने लिहून ठेवलं होतं : घर, वर्कशॉप आणि तळ्याकाठची वाफ घ्यायची खोली, म्हणजे सौना, ओन्नीला, बंदूक लेंपीला. दफन उरकून सगळे कॉफीला बसले होते, वेलदोड्याचा गोड पाव वाटला जात होता, आणि ओन्नी भिंतीवर मी टांगलेली होते तिकडे नुसता बघत होता. तेवढ्यात आर्वो म्हणाला, "तुला घर मिळालं ना, मग आता बंदुकीकडे कशाला बघतोस?"

अरे माणसा! तो बघत होता तो बापाकडे बघत होता. पण बोललेलं परत गिळता येत नाही. ओन्नीने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "या बंदुकीचं नाव माझ्यापुढे पुन्हा काढू नका." तेव्हापासून मी त्याच्या टेबलावर गेले नाही. लेंपी मला स्वतःच पुसायची. मनापासून पुसायची, पण ओन्नीचा हात तो ओन्नीचा हात.

तरीही शनिवार मोडला नाही. आमच्यात शनिवारी सौना चुकत नाही. ऑस्कारीनेच बांधलेली ती लाकडी खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी, आणि घाम. आधी लेंपी वाफ घेऊन यायची, मग हे दोघे मेहुणे एका फळीवर उघडेबंब शेजारी शेजारी बसायचे. ऑस्कारीचा नियम होता : सौनात कामाचं बोलायचं नाही आणि भांडायचं नाही. तो नियम दोघांनी इतका पाळला की अकरा वर्षं त्यांचं एवढंच बोलणं झालं.

"टाकू का पाणी?"

"टाक."

आता माझ्या दुर्दैवाकडे येते. गेल्या वसंतात लेंपीच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, बंदुकीचा दणका या खांद्याला बसता कामा नये. चोपन्न वर्षांत लेंपीने एकही पंधरा तारीख चुकवली नव्हती. मुलगी पोटात होती तेव्हासुद्धा ती लपणात बसली होती. डॉक्टरचं ऐकून आल्यावर ती स्वयंपाकघरात मला मांडीवर घेऊन बसली, आणि मला वाटलं, संपलं. दणका मी मुद्दाम देत नाही हो, पण माझ्या हातात काय आहे?

त्यावर उपाय असतो. नळीच्या तोंडाशी आटे पाडून तिथे एक भोकाभोकांची पोलादी टोपी बसवायची. बाराचा वायू त्या भोकांतून बाजूला उडतो आणि दणका निम्म्याहून कमी होतो. आर्वोने तशी टोपी टपालाने मागवली.

"ओन्नीकडे देऊ," लेंपी म्हणाली. "त्याचा हा रोजचा धंदा आहे."

"ओन्नीकडे? दिलीस की गेली. पुन्हा बाहेर यायची नाही ती."

"माझा भाऊ आहे तो, चोर नाही."

"आणि मी कोण? चाळीस वर्षं आटे पाडले मी. मनगटाएवढे पाडले, कमरेएवढे पाडले..."

"माझ्या कमरेवर जाऊ नकोस."

"मी पंपाचं सांगतोय! आणि गॅरेजमध्ये लेथ काय शोभेला ठेवलंय? खाण बंद झाली तेव्हा तीन माणसं लावून घरी आणलं ते."

"आर्वो, बंदूक म्हणजे पंपाचा दांडा नाही."

"लोखंड ते लोखंड."

लेंपीने त्याच्याकडे पाहिलं. निवृत्त झाल्यापासून तो गॅरेजमध्ये शेजाऱ्यांच्या बर्फ काढायच्या यंत्रांचे खिळे ठोकत बसायचा. इतक्या वर्षांनी काहीतरी तोलामोलाचं काम त्याला हवं होतं, आणि ते बायकोसाठी करायचं होतं. ते तिला कळलं, मलाही कळलं. "बरं," ती म्हणाली, "पण नीट कर." त्या एका 'बरं'ने माझं नशीब ठरलं.

खोटं बोलणार नाही, आर्वोने मला फार मायेने हाताळलं. दस्ता काढला, नळी पुसली, लेथच्या जबड्यात धरताना पितळेच्या पट्ट्या गुंडाळल्या. मग नळीच्या बाहेरच्या अंगाला डायल लावला आणि मला हळूहळू फिरवलं. काटा हलला की चिमटीने सारखं करायचा, पुन्हा फिरवायचा. दोन तास. शेवटी काटा जागचा हलेना, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "हं, आता झाली सरळ."

सरळ कसली! बाहेरून सरळ. चाळीस वर्षं त्याने दांडे फिरवले. दांड्याला भोक नसतं, त्यामुळे दांड्याचं बाहेरचं अंग हेच त्याचं खरं. बंदुकीचं खरं आत असतं. ओन्नीने भोकात सळई सरकवून आतून माप घेतलं असतं, बाहेर बघितलंही नसतं. मी आतल्या आत ओरडले, "अरे आर्वो, आतून बघ! डावीकडे आहे मी, केसभर!" पण माझी मान लेथच्या जबड्यात होती, आणि ती मोकळी असती तरी माझ्या तोंडातून एकच गोष्ट बाहेर येते, तीही दुसऱ्याने चाप ओढला तर. रेडिओ चालू होता. हत्यार माझ्या तोंडाला लागलं, चकचकीत किस गळायला लागला, आणि मी फिरत राहिले.

आटे मात्र काय पाडले होते! एकेक पीळ तासून ठेवल्यासारखा. टोपी दोन बोटांत धरून फिरवली तर अलगद चढली आणि शेवटाला घट्ट बसली. त्याने लेंपीला हाक मारली. तिने अंगठा फिरवून पाहिलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. आर्वोचे कान लाल झाले. त्याला इतकं खूश झालेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची कीव आली.

मंगळवारी तो मला एकटाच जुन्या खडीच्या खाणीत घेऊन गेला. कागद लावला, नेम धरला, चाप ओढला. गोळी माझ्या भोकातून नेहमीच्या वाटेने निघाली आणि टोपीच्या डाव्या काठाला घासून गेली. काय सांगू तुम्हाला! दातावर दगड आपटावा तसं झालं. कागदावर गोळी वीतभर उजवीकडे लागली. आर्वोने टोपी काढली, उजेडात धरली. आतल्या काठावर एक चकचकीत ओरखडा होता.

तो उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला त्याच्या बोटांवरून कळत होतं, ती सारखी त्या आट्यांवरून फिरत होती. हे ओन्नीला कळलं तर? बापाची बंदूक बिघडवली म्हणून तो गावभर सांगेल. आणि लेंपी काय म्हणेल? तिनेच तर सांगितलं होतं, भावाकडे देऊ.

"ऊठ आणि घरी जाऊन सांग तिला," मी मनातल्या मनात म्हणत होते. "रागावेल, ओरडेल, पण सांग."

तो उठला. त्याने खिशातून पॉलिश कागदाचा तुकडा काढला, आणि ओरखडा घासला. मग तिथेच माझ्या पाठीवरच्या, नेम धरायच्या दुर्बिणीचे स्क्रू पिळून पिळून माझा नेम उजवीकडून मध्यावर आणला. म्हणजे दोष तोंडाचा आणि कान पिळले डोळ्याचे. त्या दिवशी त्याने अजून सहा बार काढले, आणि सहाही वेळा गोळी टोपीला शिवून गेली. घरी आल्यावर त्याने ओरखड्यावर काळा रंग फिरवला. एखाद्या थंडगार सकाळी ती जरा जास्त शिवली तर टोपी फुटेल. तुकडा कुठे उडेल ते मलासुद्धा सांगता येणार नाही.

"कशी चालते?" संध्याकाळी लेंपीने विचारलं.

"झकास. दुर्बीण जरा सैल होती, बसवली."

"दणका?"

"मांजरीच्या पंजाएवढा."

लेंपी हसली आणि तिने खांद्यावर हात ठेवला. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आर्वो मूग गिळून जेवत होता, आणि सोमवारी पंधरा तारीख होती. लेंपीने शिकारीचा नारिंगी कोट बाहेर काढून वाऱ्यावर टाकला. थर्मास धुऊन ठेवला. मी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होते. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते. तिचा विश्वास माझ्यावर होता हो, आणि मला तिला सावध करता येत नव्हतं.

शनिवारी सौना. आमच्या घरात एक जुनी रीत आहे. पंधरा तारखेच्या आधीच्या शनिवारी बंदुकांनाही शनिवार लागतो. सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे काढतात तिथे, खुंट्यांवर बंदुका टांगायच्या, म्हणजे जंगलात जाण्यापूर्वी त्यांनाही ऊब मिळते. ऑस्कारीने घातलेली रीत, ती मोडायची छाती कोणालाच नव्हती. अकरा वर्षं ओन्नी माझ्या खुंटीकडे पाठ करून कपडे काढायचा.

त्या दिवशी लेंपी आधी वाफ घेऊन घरात कॉफी ठेवायला गेली. आर्वो आत फळीवर जाऊन बसला. ओन्नीने शर्ट काढला, पँट काढली, खुंटीवर अडकवायला हात वर केला, आणि त्याची नजर माझ्या तोंडावरच्या टोपीवर गेली. कारागिराची नजर, ती थोडीच पाठ करून राहते! तो जवळ आला. अकरा वर्षांनी त्याचा हात माझ्या अंगाला लागला आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. त्याने टोपी फिरवून काढली, आट्यांवर नख फिरवलं. "वा," तो पुटपुटला. "कोणाचा हात आहे हा?" मग टोपी परत बसवली, नळीचं मागचं तोंड बंद करणारा खटका काढला, मला दिव्याकडे धरून मागून आत पाहिलं.

आतून बघितलं त्याने. अखेर कोणीतरी आतून बघितलं. टोपीचं गोल भोक माझ्या भोकाच्या मध्यावर नव्हतं, एका बाजूने झाकलं गेलं होतं. ओन्नीने टोपी पुन्हा एकदा चाचपली. मग त्याने मला खुंटीवर टांगलं आणि तो आत गेला. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"टाकू का पाणी?" आर्वो म्हणाला.

"टाक."

दगड फुत्कारले. ओन्नीचा श्वास मोठमोठ्याने चालला होता.

"आर्वो, नळी लेथवर कशावरून धरलीस? बाहेरून की आतून?"

आर्वोने दगडांवर अजून पाणी टाकलं. मग म्हणाला, "सौनात कामाचं बोलायचं नाही."

"नळी कशावरून धरलीस?"

"म्हातारा असता तर..."

"म्हाताऱ्याचीच बंदूक आहे ती! चल बाहेर. बाहेर बोलू."

दार धाडकन उघडलं आणि वाफेचा लोट बाहेर आला. त्यातून दोन म्हातारे, अंगावर धागा नाही, लालबुंद. दुसरी वेळ असती तर मी हसून हसून मोडले असते. ओन्नीने मला उचललं आणि आर्वोच्या डोळ्याला लावलं. "बघ. बघ आतून. काय दिसतं?"

"...वाकडं."

"वाकडं! पंपाचा दांडा आहे का हा? बार काढलास ना? शिवली ना गोळी टोपीला?"

"आवाज कमी कर, ती ऐकेल."

"ऐकलं," लेंपी म्हणाली.

ती बाहेरच्या दारात उभी होती, हातात कॉफीचा ट्रे. तिने ट्रे खाली ठेवला, दोन टॉवेल दोघांच्या अंगावर फेकले आणि नवऱ्याकडे पाहिलं. "कधी शिवली?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, आर्वो."

"दुर्बीण मी सारखी केली होती. कागदावर बरोबर लागत होत्या सगळ्या..."

"ओरखडा कुठे आहे?"

आर्वोने मान खाली घातली. "रंगवला."

लेंपी बाकावर बसली. तिचे केस अजून ओले होते. "वाकडे पडले आटे, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "हात चुकतात माणसाचे. पण सोमवारी मी हिला गाल लावला असता. तू मला लावू दिला असतास?"

आर्वो टॉवेलचं टोक पिळत राहिला. मला वाटतं त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की तो बादलीवर फार वेळ बसला होता, त्याला रात्रभर झोप नव्हती, तो माणूस वाईट नाही. पण मला बोलता कुठे येतं?

"दुरुस्त होईल?" लेंपीने भावाला विचारलं.

"दीड इंच कापावं लागेल. मग भोकावरून धरून नव्याने. चार दिवस लागतील, घाईने करणार नाही. सोमवारी माझी एखादी हलकी घेऊन जा."

"नको," ती म्हणाली.

सोमवारी पहाटेपासून डोंगरात बार वाजायला लागले. मी ओन्नीच्या लेथमध्ये आडवी होते. एकेक बार ऐकला की मला वाटायचं, हा माझा असायला हवा होता. माझं दीड इंच तोंड कापून त्याने खालच्या परातीत टाकलं तेव्हासुद्धा मला तितकं दुखलं नाही. लेंपी आपल्या लपणात गेली होती, कोट घालून, थर्मास घेऊन, रिकाम्या हातांनी. पंचावन्नावी पंधरा तारीख तिने चुकवली नाही.

आर्वो त्या दिवशी जंगलात गेला नाही. तो वर्कशॉपच्या दाराशी घुटमळत उभा होता. ओन्नीने भोकात सळई सरकवली, डायल लावला, आणि वर न बघता म्हणाला, "दार लाव, थंडी येते. आतून लाव."

आर्वो आत आला. ओन्नीने त्याला काटा दाखवला, कुठे हलतो, का हलतो. दोन दिवस नुसतं धरण्यात गेले. मग ओन्नी बाजूला झाला. "आटे तू पाड."

"मी?"

"तुझ्यासारखे मला जमत नाहीत. बघत काय उभा राहिलास, पाड."

धरलं ओन्नीने आणि आटे पाडले आर्वोने. काम संपेपर्यंत दोघांची तोंडं अशी सुटली होती की अकरा वर्षांचं साठलेलं तेल, हत्यारं, खाणीचा फोरमन, सगळं बाहेर पडलं. मध्येच आर्वो कॉफीच्या वेळच्या त्या बोलण्याबद्दल काहीतरी अडखळत म्हणाला, आणि ओन्नी म्हणाला, "मूर्खच आहेस तू," आणि विषय संपला.

त्याआधी, पहिल्याच सोमवारी संध्याकाळी, लेंपी दोघांसाठी पेस्ट्या, म्हणजे मटण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन आली होती. ती दाराबाहेरच थांबली.

"दिसला का?" ओन्नीने विचारलं.

"दिसला. आठ टोकांची शिंगं. पन्नास पावलांवर येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघून मुतला, आणि गेला."

दोघे खो खो हसले. लेंपी हसली नाही. पेस्ट्यांची पिशवी तिने दाराच्या कडीला लावली आणि ती गाडीकडे गेली.

शुक्रवारी माझी परीक्षा झाली. पाच गोळ्या, पाचही एका कपाच्या बुडाखाली झाकता येतील अशा, आणि टोपीला स्पर्श नाही. आर्वो धावत घरी सांगायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "हो का, म्हणाली," त्याने ओन्नीला सांगितलं. "एवढंच."

मी वाट पाहायला लागले. मोसम तीस तारखेपर्यंत असतो, वेळ होता. शनिवारी ती सौनाला आली, वर्कशॉपच्या खिडकीवरून गेली, आत वळली नाही. पुढच्या शनिवारीही तेच. भिंतीपलीकडून दोघे मेहुणे मोठमोठ्याने आट्यांवरून वाद घालत होते. आता म्हाताऱ्याचा नियम कोणी पाळत नव्हतं, आणि दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचा मेळ झाला, मला त्याचा आनंद आहे. पण हा सगळा खटाटोप जिच्या खांद्यासाठी होता, ती एकटी तळ्याकडे बघत पायरीवर बसली होती.

तीस तारखेला दिवस कलायला आला तेव्हा ती आली. आर्वो तिच्या मागे दोन पावलांवर होता. तिने मला खुंटीवरून काढलं. "कसं बघायचं ते मला दाखव," ती ओन्नीला म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा मागचा खटका स्वतः काढला, मला खिडकीकडे धरलं आणि आत पाहिलं. गोलात गोल, बरोबर मध्यावर. मग तिने मला खांद्याला लावलं. गाल टेकला. तिचा श्वास थांबला, अगदी पूर्वीसारखा, आणि मी म्हटलं, चल बाई, अजून अर्धा तास उजेड आहे, चल!

"आर्वो," ती मान न वळवता म्हणाली, "बरोबर आहे का ही?"

"बरोबर आहे."

"आणि नसती तर?"

"सांगितलं असतं."

"कधी?"

"लगेच," तो म्हणाला. "त्याच दिवशी, लेंपी."

लेंपीने मला खाली घेतलं. अंगठा नव्या आट्यांवरून फिरवला, एकदा, सावकाश. "पुढच्या पंधराला बघू," ती म्हणाली, आणि मला परत ओन्नीच्या खुंटीवर टांगून बाहेर गेली. आर्वो तिच्या मागोमाग गेला. डोंगरात शेवटचे दोनचार बार वाजले आणि मोसम संपला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हत्यारं हातात धराल. काही गोष्टी घरी कराव्यात, काही जाणत्याकडे द्याव्यात, आणि कोणत्या कोणाकडे ते विचारायला लाजू नये. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. तुमच्या हातून काही बिघडलं, तर ज्याच्या खांद्याला ते लागणार आहे त्याला त्याच दिवशी सांगा. मला तोंड आहे, ते दीड इंच आखूड झालं आहे आणि त्यातून शब्द फुटत नाही. तुमच्या तोंडातून फुटतो.

लेंपी सत्तर वर्षांची आहे. पुढची पंधरा तारीख यायला अजून साडेअकरा महिने आहेत. दर शनिवारी तिची पावलं खिडकीखालून जातात, आणि मला तिला हाक मारता येत नाही.